एका इंजेक्शनचे १६ कोटी : औषध नेमक्या पेशीपर्यंत पोचतं कसं?



गेल्या पालकसभेतली गोष्ट सांगते. पेपर दाखवून झाले, सह्या झाल्या आणि निघता निघता एका वडिलांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज होता. लहान बाळाचा फोटो, नाकात नळी, खाली बँक खात्याचा नंबर आणि ‘या बाळाला १६ कोटींचं इंजेक्शन हवं आहे, मदत करा’. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही सायन्सच्या. खरं सांगा, एका इंजेक्शनला १६ कोटी असतात का कधी? मी पाचशे रुपये पाठवणार होतो, घरची म्हणाली फसवतात.”

मी सांगितलं, मेसेज खरा की खोटा ते मला माहीत नाही, पण असं इंजेक्शन खरंच आहे. लगेच पुढचा प्रश्न आला, “पण त्यात असतं काय एवढं?” मी म्हटलं, “जनुक असतं.” त्यांचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही झालं नाही. मी पुढे एवढंच म्हणाले, की जनुक तयार करणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही, ते शरीरातल्या बरोबर पेशीत नेणं अवघड आहे. हे गृहस्थ जेएनपीटीला ट्रेलर चालवतात. ते हसले आणि म्हणाले, “आमच्यासारखंच की. माल भरायला काय लागतं? बरोबर दारात पोचवणं अवघड.”

आपल्या उरणमध्ये कंटेनर म्हणजे काय हे पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून त्यांचंच उदाहरण धरून आज हा विषय मांडते. दहावीला शिकवणाऱ्यांना तो वर्गात वापरता येईल, आणि पालकांना असा मेसेज आला तर निदान काय विचारायचं ते कळेल.

१. आधी थोडी उजळणी

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधला पहिला पाठ आठवा : आनुवंशिकता व उत्क्रांती. त्यात प्रतिलेखन आणि भाषांतरण आहे. सोप्या भाषेत, डीएनए ही केंद्रकात जपून ठेवलेली मूळ वही. एखादं प्रथिन हवं असलं की त्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स निघते, ती म्हणजे एम-आरएनए. ही झेरॉक्स केंद्रकाबाहेर रायबोझोमकडे जाते आणि तिथे ती वाचून प्रथिन तयार होतं.

आपण घेतो ती बहुतेक औषधं प्रथिनांवर काम करतात. तयार झालेल्या प्रथिनाला चिकटायचं आणि त्याचं काम कमी-जास्त करायचं. आज आपण ज्या औषधांबद्दल बोलतोय ती त्याच्या एक पायरी आधी, म्हणजे वहीवर किंवा झेरॉक्सवर काम करतात. डीएनए आणि आरएनए यांना न्यूक्लिक आम्लं म्हणतात, म्हणून ही न्यूक्लिक आम्लांची औषधं. त्यांचे ढोबळ प्रकार असे :

- जनुक देणं : वहीतलं पान फाटलेलं असेल तर त्या पानाची चांगली प्रत पेशीला पुरवायची.
- एम-आरएनए देणं : थेट झेरॉक्सच द्यायची. काही दिवसांत ती नष्ट होते, पण तेवढ्यात प्रथिन तयार झालेलं असतं. कोरोनाच्या काही लसी अशा होत्या.
- झेरॉक्स फाडणं : नको असलेल्या प्रथिनाची झेरॉक्सच नष्ट करायची. लहान दुहेरी आरएनए वापरून पेशीकडूनच हे करून घेता येतं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली कृमींमध्ये ही क्रिया दाखवली. त्यासाठी त्यांना २००६ चं नोबेल मिळालं.
- वहीत दुरुस्ती करणं : क्रिस्परसारखी साधनं पेशीत पाठवून मूळ मजकूरच बदलायचा.

चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. औषध पेशीच्या आत गेलं पाहिजे, तेही योग्य पेशीच्या. पेशीबाहेर ते कितीही असलं तरी उपयोग शून्य.

२. अडचण नेमकी कुठे आहे?

पॅरासिटामॉलची गोळी आपण गिळतो. तिचे रेणू अगदी छोटे. ते रक्तात मिसळतात, सगळीकडे जातात आणि पेशींच्या पटलातून सहज आत शिरतात. आरएनएचं तसं नाही. वाटेत पाच नाके लागतात.

पहिला नाका, रक्त. आपल्या रक्तात आणि ऊतींमध्ये आरएनए तोडणारी विकरं कायम हजर असतात. उघडा आरएनए टोचला तर थोड्याच वेळात त्याचे तुकडे होतात. जो लहान असतो तो मूत्रपिंडातून गाळला जाऊन बाहेर पडतो.

दुसरा नाका, रक्षक पेशी. यकृत आणि प्लीहा इथल्या भक्षक पेशी रक्तातले परके कण गिळून टाकतात. शिवाय परका आरएनए दिसला की प्रतिकारशक्ती खवळते. कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ साली दाखवलं, की आरएनएच्या काही अक्षरांत छोटा रासायनिक बदल केला तर हा गोंधळ बराच कमी होतो. त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

तिसरा नाका, रक्तवाहिनीची भिंत. यकृतातल्या केशवाहिन्यांना बारीक छिद्रं असतात, तिथून कण बाहेर पडू शकतात. मेंदूतल्या केशवाहिन्या मात्र घट्ट बंद असतात. यकृत सोपं आणि मेंदू अवघड, असं या क्षेत्रात म्हणतात ते यामुळेच.

चौथा नाका, प्रद्रव्यपटल. पटल स्निग्ध पदार्थाचं असतं. आरएनए आकाराने मोठा आणि ऋणप्रभारित. तेलात मिठाचं पाणी मिसळत नाही, तसा तो पटलातून आत जात नाही.

पाचवा नाका, आतली पिशवी. पेशी बाहेरचा कण आत घेते तेव्हा पटलाचाच एक फुगा करून त्यात घेते. कण त्या पिशवीत अडकतो. ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते आणि आतला माल पचवायला पाठवला जातो. त्याआधी आरएनए बाहेर पडला तरच काम होतं. पेशीने गिळलेल्या मालापैकी साधारण १ ते २ टक्केच या पिशवीतून सुटतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे कंटेनर यार्डात येऊनही शंभरातले अठ्ठ्याण्णव उघडलेच जात नाहीत!

आता या नाक्यांवर माणसाने काय काय तोडगे काढले ते बघू.

३. पहिला तोडगा : चरबीचा डबा

आरएनए स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणात बंद करायचा. हे कण साधारण १०० नॅनोमीटरचे किंवा त्याहून लहान असतात. त्यात चार प्रकारचे घटक असतात : कोलेस्टेरॉल, पेशीच्या पटलात असतो तसा फॉस्फोलिपिड, बाहेरून निसरडं आवरण देणारा घटक, आणि चौथा सगळ्यात हुशारीने घडवलेला. हा चौथा घटक रक्तात उदासीन असतो, पण आम्लधर्मी पिशवीत गेला की धनप्रभारित होतो आणि पिशवीची भिंत फोडायला मदत करतो. पाचव्या नाक्याची किल्ली ती हीच.

आपल्या महाराष्ट्राचं नाव इथे येतं. पुण्यातल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने भारतातली पहिली एम-आरएनए लस तयार केली. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. परदेशी एम-आरएनए लसींना सुरुवातीला अतिथंड फ्रीझर लागत. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या फ्रीजमध्येही राहू शकत होती. पोचवणं म्हणजे फक्त शरीराच्या आतला प्रवास नव्हे. कारखान्यापासून दंडापर्यंतचा प्रवासही त्यातच आला.

वर्गात एक मुलगी विचारते, “मॅडम, मग लस सगळ्यात आधी कशी जमली?” फार चांगला प्रश्न आहे. लसीला अचूक पत्ता लागत नाही. दंडाच्या स्नायूत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत काही पेशींनी थोडं प्रथिन बनवलं तरी प्रतिकारशक्तीला धडा मिळतो. आजार बरा करायचा असेल तर मात्र ठरावीक अवयवातल्या लाखो-करोडो पेशी गाठाव्या लागतात.

असा पहिला अवयव म्हणजे यकृत. हे चरबीचे कण रक्तात गेले की रक्तातलं एक प्रथिन, एपो-ई, त्यांच्यावर येऊन बसतं. यकृताच्या पेशींवर एपो-ई पकडणारे ग्राहक भरपूर असतात, कारण कोलेस्टेरॉल वाहून आणणारे कण त्या असेच ओळखतात. म्हणजे डब्यावर पत्ता आपण लिहिलेला नसतो, रक्तच तो चिकटवतं! याच मार्गाने यकृतात जाणारं पॅटिसिरान हे झेरॉक्स फाडणाऱ्या प्रकारातलं पहिलं औषध. एका दुर्मीळ आनुवंशिक मज्जाविकारासाठी त्याला २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

४. दुसरा तोडगा : साखरेचं लेबल

डबाच नको, मालावरच पत्ता चिकटवला तर? यकृताच्या पेशींवर आणखी एक ग्राहक असतो, तो एका विशिष्ट शर्करेला घट्ट पकडतो. त्या शर्करेचं नाव जरा अवघड आहे, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन, थोडक्यात गॅलनॅक. रासायनिक बदल करून टिकाऊ बनवलेल्या छोट्या आरएनएला गॅलनॅकचे तीन तुकडे जोडायचे आणि त्वचेखाली टोचायचं. रक्तातून फिरत फिरत ते यकृताच्या पेशीला भेटलं की पकडलं जातं.

इन्क्लिसिरान हे कोलेस्टेरॉलचं औषध असंच काम करतं. यकृत ज्या प्रथिनामुळे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल रक्तातून काढायला कमी पडतं, त्या प्रथिनाची झेरॉक्स ते नष्ट करतं. सुरुवातीचा डोस, मग तीन महिन्यांनी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. रोजची गोळी विसरणारे आपल्या घराघरांत आहेत, त्यामुळे वर्षाला दोन इंजेक्शनं ही काही छोटी सोय नाही. युरोपात २०२० च्या अखेरीस आणि अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस त्याला मान्यता मिळाली.

५. तिसरा तोडगा : रिकामा केलेला विषाणू

आता त्या १६ कोटींकडे येऊ.

विषाणू म्हणजे निसर्गाने लाखो वर्षं घडवलेलं पोचवण्याचं यंत्र. पेशी शोधणं, आत शिरणं, पिशवीतून सुटणं हे सगळं त्याला येतं. मग त्याची स्वतःची जनुकं काढून टाकायची आणि रिकाम्या कवचात आपलं जनुक भरायचं. एएव्ही नावाचा एक छोटा विषाणू यासाठी वापरतात. माणसाला तो आजार देत असल्याचं आढळलेलं नाही. त्याच्या कवचाचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या ऊतींकडे जास्त जातात.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजारात एसएमएन-१ हे जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. गंभीर प्रकारात बाळाला मान धरता येत नाही, गिळता येत नाही, पुढे श्वासही घेता येत नाही. त्या मेसेजमधल्या फोटोत बाळाच्या नाकात नळी होती ती बहुधा यामुळेच. या आजारासाठी एएव्हीच्या नवव्या प्रकाराच्या कवचात चांगलं जनुक भरून शिरेतून एकदाच देतात. या औषधाला, झोल्गेन्स्माला, अमेरिकेत मे २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी मान्यता मिळाली. तेव्हा किंमत सुमारे २१ लाख डॉलर, म्हणजे आपले १६ कोटींच्या आसपास होती.

आता डोस बघा. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ लाख १० हजार अब्ज विषाणूकण! इतके का? कारण बहुतेक कण भलतीकडेच जातात, त्यातही यकृतात फार. नेमक्या चेतापेशींपर्यंत पुरेसे कण पोचावेत म्हणून सगळ्या शरीरात पूर आणावा लागतो. त्यामुळेच यकृताला इजा होण्याचा धोका असतो, स्टिरॉइड द्यावं लागतं आणि रक्ततपासण्या कराव्या लागतात. इतके कण शुद्ध स्वरूपात तयार करणं महाग आहे. रुग्ण थोडे आणि संशोधनाची वर्षं बरीच. आणि शेवटी किंमत कंपनी ठरवते. हे सगळं त्या १६ कोटींत आहे. पत्ता जास्त अचूक असता तर डोस कमी लागला असता, हेही त्यातच आहे.

महाराष्ट्राला हे नाव कळलं ते २०२१ साली. मुंबईतल्या एका बाळासाठी आई-वडिलांनी लोकवर्गणीतून पैसे उभे केले. केंद्र सरकारने आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे ६ कोटी रुपये माफ केले आणि बाळाला इंजेक्शन मिळालं. त्याच वर्षी आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या एका बालिकेला असेच पैसे जमवून इंजेक्शन दिलं गेलं. ती काही आठवड्यांत गेली. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. इंजेक्शन खरं आहे, पण मेलेली चेतापेशी ते परत आणत नाही. जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं, म्हणून लवकर निदान फार महत्त्वाचं.

आणखी दोन मर्यादा. एक, हा डोस पुन्हा देता येत नाही, कारण पहिल्यानंतर शरीर त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. दोन, कवचात जागा कमी, साधारण ४,७०० अक्षरं मावतात. एसएमएन आरामात बसतं. पण ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत बिघडणाऱ्या जनुकाचा नुसता प्रथिनाचा मजकूरच सुमारे ११,००० अक्षरांचा. तो बसत नाही, काटछाट करूनच भरावा लागतो. वीस फुटी कंटेनरमध्ये चाळीस फुटी माल घालायचा तसं.

एसएमएवर दुसरे मार्गही आहेत. नुसिनर्सेन हे औषध पाठीच्या कण्यातल्या द्रवातच टोचतात. मेंदूचा बंद नाका ओलांडता येत नाही, तर सरळ नाक्याच्या आत जाऊन माल उतरवायचा. दर चार महिन्यांनी ते पुन्हा द्यावं लागतं. रिस्डिप्लाम हे तोंडावाटे घ्यायचं औषध. ते न्यूक्लिक आम्ल नाही, साधा छोटा रेणू आहे, पण आरएनएवर काम करतं. २०२५ साली त्याची भारतीय जेनेरिक आवृत्ती मूळ किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तात बाजारात आली. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ही बातमी आपण सांगायला हवी.

६. चौथा तोडगा : माल नेण्याऐवजी घरच आणा

आता आपल्या अगदी जवळचं उदाहरण. उरणहून लोकलने बेलापूरला उतरलं की पुढचं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आपल्यातले कितीतरी जण तिथे नातेवाइकांना घेऊन गेले असतील. ४ जून २०२१ रोजी याच ॲक्ट्रेकमध्ये भारतात बनवलेली कार-टी उपचारपद्धती पहिल्यांदा एका रुग्णाला दिली गेली. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने ती विकसित केली, आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या.

यातली युक्ती साधी आहे. पत्ता शोधत शरीरभर फिरायचंच नाही. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी बाहेर काढायच्या. प्रयोगशाळेत विषाणूवाहकाच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं. आजूबाजूला दुसरी पेशीच नसल्यामुळे माल चुकीच्या दारी जायचा प्रश्न येत नाही. मग त्या पेशी वाढवून पुन्हा रुग्णाला द्यायच्या. नव्या जनुकामुळे टी-पेशींवर एक ‘हात’ तयार होतो. तो बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखतो. कर्करोगग्रस्त बी-पेशी दिसली की टी-पेशी तिला मारते.

नेक्सकार-१९ या नावाने या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण केलं. परदेशात अशा उपचाराला ३ ते ४ कोटी लागतात, इथे ३० ते ४० लाखांच्या घरात. स्वस्त नाहीच, पण कुठे १६ कोटी आणि कुठे हे. चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या आजाराने उपचाराला प्रतिसाद दिला. म्हणजे चारातल्या जवळपास तिघांना गुण आला, एकाला नाही. शिवाय सीडी-१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते. त्याही मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पत्ता बरोबर होता, पण त्या पत्त्यावर चांगली माणसंही राहत होती, असं म्हणू.

सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचारातही हेच तत्त्व आहे. रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढायच्या, विजेच्या झटक्याने त्यांच्या पटलाला क्षणभर छिद्रं पाडून क्रिस्पर आत घालायचं, आणि पेशी परत द्यायच्या. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे. पण त्या मुलांना तो परवडणारा तर नाहीच, आणि त्यासाठी आधी केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. शिरेतून टोचता येईल आणि थेट अस्थिमज्जेत जाईल असा वाहक जेव्हा मिळेल, तेव्हाच हा उपचार पाड्यापर्यंत पोचेल. नेमका पत्ता का हवा, याचं मला सगळ्यात पटणारं कारण हे आहे.

७. पुढे काय चाललंय?

अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी २०२० साली उंदरांमध्ये दाखवलं, की चरबीच्या डब्यात पाचवा घटक घातला तर डब्याची दिशा बदलते. धनप्रभारित घटक घातला तर माल फुप्फुसांत, ऋणप्रभारित घातला तर प्लीहेत. २०२२ साली दुसऱ्या एका गटाने डब्यावर प्रतिपिंड बसवून उंदरांच्या शरीरातच टी-पेशींना एम-आरएनए पोचवला, पेशी बाहेर न काढता. २०२५ साली फिलाडेल्फियात एका दुर्मीळ यकृतविकाराच्या बाळासाठी, त्याच्या एकट्याच्याच जनुकदोषासाठी बनवलेलं दुरुस्तीचं औषध चरबीच्या डब्यातून दिलं गेलं आणि बाळाची तब्येत सुधारली. इथेही अवयव यकृतच! मेंदू, हृदय, स्नायू यांचा रस्ता अजून खडतर आहे.

८. शिकवताना घ्यायची काळजी

कंटेनरची उपमा मुलांना लगेच कळते, पण ती एका जागी फसते. ट्रेलरला ड्रायव्हर असतो, त्याला पत्ता वाचता येतो. औषधाच्या कणाला काहीच कळत नाही. तो रक्ताबरोबर वाहतो, हजारो पेशींना धडकतो, आणि जिथे आकार व प्रभार जुळतात तिथे चिकटतो. ‘औषध पेशी शोधतं’ असं मी स्वतः वर शीर्षकातल्यासारखं सहज बोलते, पण वर्गात हे एकदा स्पष्ट करायलाच हवं. नाहीतर मुलं उत्तरपत्रिकेत ‘औषधाला माहीत असते’ असं लिहितात, आणि चूक आपली असते.

छोटा उपक्रम : साबणाचं दाट पाणी करा, तारेच्या कडीत साबणाचा पडदा घ्या. कोरडं बोट लावा, पडदा फुटतो. आता बोट साबणाच्या पाण्यात बुडवून लावा, बोट आरपार जातं आणि पडदा टिकतो. पटलासारख्याच पदार्थाचं आवरण घातलं की आत जाणं का सोपं होतं, हे दोन मिनिटांत दिसतं. खर्च शून्य.

विचारायचे प्रश्न :
१. आरएनएचं औषध गोळीच्या रूपात गिळलं तर काय होईल?
२. यकृतासाठीची औषधं आधी का तयार झाली?
३. एसएमए अप्रभावी जनुकामुळे होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता किती? (२५ टक्के. चौकट मांडून काढायला सांगा.)
४. एकाच रुग्णाला एएव्हीचा दुसरा डोस का देता येत नाही?

९. पालकांसाठी शेवटचं

असा मेसेज आला तर लगेच पैसे पाठवू नका आणि लगेच ‘फेक’ म्हणून पुढेही ढकलू नका. आजाराचं नाव लिहिलंय का? रुग्णालयाचं नाव आहे का? रुग्णालयाच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून खात्री करता येते का? पैसे व्यक्तीच्या खात्यात जाणार की रुग्णालयाच्या? एवढं विचारा. ओळखीत कुणाचं बाळ तीन-चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, अंग फार सैल वाटत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे. त्याखाली ठरवून दिलेल्या केंद्रांमध्ये पात्र रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत केईएम रुग्णालय हे असं केंद्र आहे. १६ कोटींपुढे ५० लाख थोडे वाटतात, पण योग्य निदान आणि योग्य सल्ला तिथूनच सुरू होतो.

त्या वडिलांना मी नंतर हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी मेसेजमधल्या रुग्णालयाला फोन लावला. बाळ तिथे खरंच दाखल होतं. त्यांनी पाचशे रुपये पाठवले, आणि त्यांच्या यार्डातल्या आणखी काही ड्रायव्हरांनीही.

आपल्या वर्गात हा विषय घेतलात तर मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. मला उत्तर येत नसलं तर आपण मिळून शोधू.